पायांसकट

फूटपट्टी टेबलावर आपटण्याआधी, भुंगेऱ्यांवर संशोधन करते म्हणून संस्थेत भुंगेरेवाली म्हणत त्या बाईने मनात एकदा जमेची बाजू घोकली होती. सोमवारी संशोधनाचा लेख विभागप्रमुख सरांकडे गेला की त्यावर पहिलं नाव तिचं, त्या जोरावर कायमची नेमणूक, आणि गेली सहा वर्षं ऐकलेलं "पुढच्या वर्षी बघू" कायमचं बंद. आता तिच्या हातातल्या बाटलीत एक नखाएवढा कोळी होता आणि कोष्टकात त्याची लांबी बत्तीस मिलिमीटर लिहिली होती.

जंगलातले भुंगेरे, कोळी, गोगलगायी यांची तुलना करायची तरी कशी, यावर संस्थेत बरीच डोकी फुटली होती. तिने सोपा मार्ग काढला होता. जातकुळी विचारायचीच नाही. सगळ्यांना तेच तीन प्रश्न घालायचे. लांबी किती, चाल किती, उपाशी किती दिवस तगतो. उत्तरही झकास आलं होतं: जंगल विरळ झालं की लांब अंगाचे आधी नाहीसे होतात. फक्त हे लांब अंगाचे सगळे कोळीच निघत होते.

ती बाटली घेऊन नमुन्यांच्या खोलीत गेली. तिथे संस्थेतल्या मदतनीस मावशी दोन वर्षं कोळी मोजत होत्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त व्हायच्या होत्या.

"मावशी, हा बत्तीस कसा?"

"पाय धरून."

"पाय कशाला धरलेत?"

"कोळ्याचे पाय सोडले तर उरतं काय? मिरीचा दाणा."

"अहो, भुंगेऱ्यांचे पाय मी नाही धरले."

"हे तू मला आज सांगतेस होय."

मावशींनी खणातून सूचनांचा कागद काढून पुढे सरकवला. अक्षर भुंगेरेवालीचंच, नेटकं. पहिल्या ओळीत एकच शब्द होता, लांबी. तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"तेवीसशे बाटल्या," ती खुर्चीत बसत म्हणाली. "सोमवारपर्यंत कशा व्हायच्या?"

"कोळी काढून टाक. मावशीने घोळ घातला म्हणून सांग. मला आता कोण काय करणार?"

"पण मग लेखावरचं तुमचं नाव..."

"त्याचं काय. पायांसारखंच ते. धरलं तर धरलं."

मावशी हसल्या, पण चष्मा पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. भुंगेरेवालीने तो कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

सरांना तिने लिहिलं, "कोळ्यांची मोजणी सदोष असल्याने वगळली आहे." कोणामुळे सदोष, ते लिहिलं नाही, सरांनी ते आपल्या मनानेच धरलं. उरलेल्या दोघांवर उत्तर जरा लंगडत आलं, पण आलं.

सरांना लेख मिळाला, भुंगेरेवालीला नेमणूक. लेखावरची चार नावं तीन झाली. मावशी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कोळी पुन्हा मोजत होत्या, पाय सोडून, कोणी न सांगता. चारशे बारा झाले होते.