उबाल्दोच्या टोपीवरची माशी

आमच्या हुनीन गावचे, पाहुण्यांना नदीवर गळ टाकायला नेणारे वाटाडे, मोसमातला पहिला मोठा ट्राउट मासा ज्या माशीवर लागेल ती टोपीत खोचतात. खोटी माशी हो, गळाला दोरा-पिसं गुंडाळून केलेली. अडल्या वेळी तीच काढून गळाच्या दोरीला लावायची. माझ्या नवऱ्याच्या, उबाल्दोच्या टोपीत पंधरा वर्षं माझ्याच हातची माशी होती. यंदा त्या ग्रिसेल्दाची!

बया बुएनोस आइरेसहून येऊन माश्या बांधायला लागली त्याला दोन वर्षं झाली नाहीत, आणि वाटाड्यांना शहाणपण शिकवते. म्हणे, ट्राउट ज्यावर जगतो तो नदीतला कॅडिस हा एकच किडा नव्हे, त्यांची घराणी वेगवेगळी. मला काय ठाऊक नाही? खडे चिकटवून घर बांधणारे ठाऊक आहेत, काड्यांचं घर करणारेही. पण एक घराणं, तिच्याकडूनच कळलेलं, बिनघराचं, दगडाखाली जाळं विणून बसणारं, हिरवं. पंख फुटायच्या वेळी ते वर पोहत निघतं आणि ट्राउट त्याला पाण्यातच गट्ट करतो. मी मेली आयुष्यभर तरंगणाऱ्या माश्याच बांधत बसले.

"तिचा हात काय हलका आहे गं," उबाल्दो नळीने 'माते'चा कडू चहा ओढत म्हणाला.

"मग जेवायलाही तिच्याकडेच जा."

"जळतेस होय?"

"अडलंय माझं खेटर!"

जळत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुपारी तो घोरायला लागल्यावर टोपीतली तिची माशी काढून भिंगाखाली उसवली. हिरवा दोरा, तितराचं पीस, आणि तार अगदीच कमी. बुडणार कशी? मी हुबेहूब तशीच बांधली, फक्त तारेचे दोन वेढे जास्त दिले, आणि टोपीत खोचली. हिच्यावर मोठा मासा लागला की त्याला सांगणार होते, बघ, ही माझी.

संध्याकाळी तो नदीवरून ओरडतच आला. "सहा किलोंचा! दुसऱ्या कशाला तोंड लावेना, शेवटी टोपीतली लावली!"

मी लगबगीने पुढे झाले. "अरे, ती माशी..."

"थांब, ऐक तर! येताना ग्रिसेल्दाकडे गेलो, तिला दाखवायला."

"काय म्हणाली?"

"भिंग लावून उलटसुलट बघितली. तारेचे वेढे नखाने मोजले. मग म्हणाली, हो, माझीच आहे. तारेचे दोन वेढे मुद्दामच जास्त घातले होते."

भवानी! तिला कळलं होतं. आणि आता मी खरं सांगितलं असतं, तरी या घरात ते कुणाला पटणार होतं?

"तू काय म्हणत होतीस?" उबाल्दोने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हात धू."