नाव घेऊन केलेली प्रार्थना

सावंगीच्या त्या लहानशा मंडळीत एक रीत होती. कुणासाठी प्रार्थना करायची तर नाव घेऊन करायची. पाळकसाहेब म्हणायचे, "नाव नसलेली प्रार्थना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट." त्यामुळे कुणाचा गुडघा, कुणाच्या जावयाची दारू, सगळं रविवारी सकाळी प्रभूच्या कानावर जायचं, आणि जाता जाता चाळीस माणसांच्याही.

त्या रविवारी अकरावीतल्या वर्षालीला पहिल्यांदा पुढं बोलावलं. नुकतीच वादविवाद स्पर्धेत पहिली आलेली पोर. माइक हातात आला की तिच्या अंगात वारं शिरायचं. आजारी माणसांची नावं झाली, परीक्षेवाल्यांची झाली, आणि मग तिला शेजारच्या खोलीतली सपनाताई आठवली. बुधवारी ती मोरीजवळ पडली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस. वर्षालीनंच तिला कुशीवर वळवलं होतं. शुद्धीवर आल्यावर सपनाताई एवढंच म्हणाली, "कोणाले सांगू नको, बाई."

पण देव काय 'कोणी' आहे? वर्षालीचे डोळे भरून आले. "प्रभू, सपनाताईला येणारे झटके थांबव. एकटी बाई आहे, तिला सांभाळ."

"आमेन," सगळे म्हणाले. तिसऱ्या रांगेतल्या वच्छलाबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या.

वच्छलाबाईंची मेडिकलच्या पोरींसाठी मेस होती आणि सपनाताई तिथं दोन वर्षांपासून स्वयंपाक करत होती. हे वर्षालीला माहीत नव्हतं असं नाही. माइकसमोर सुचलंच नाही.

सोमवारी नऊ वाजले तरी सपनाताई घरीच दिसली. दप्तर तसंच पाठीवर घेऊन वर्षाली मेसवर पोचली.

"मावशी, ताईले काढलं काऊन?"

"काढलं नाई. आराम कर म्हटलं."

"किती दिवस?"

वच्छलाबाई मेथी निवडत राहिल्या. "तूच सांग पोरी. त्या कढईत पाच किलो तेल उकळते. तिथंच झटका आला तं? मले रातभर झोप नाई. तिच्यासाठी आज उपास धरला मी."

"उपास कशाले धरता? कांदे चिरायले ठेवा ना तिले."

"विळीवर?"

स्पर्धेत समोरच्याचे मुद्दे खोडायला वर्षालीला तीन मिनिटं पुरायची. इथं समोरची बाई वाईट असती तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या मेसमध्ये शब्द टाका मग."

"कोणाजवळ टाकू? तिघीही मेसवाल्या कालच्या उपासनेत होत्या ना, माय."

घरी आली तर सपनाताई सामान बांधत होती.

"आर्वीले चालली, भावाकडं. भावजय चार दिवस गोड बोलन, मग पुढचं पुढं."

"तिथं नाई का लागणार काम?"

"तिथं साऱ्यायले माहीत आहे. लग्न याच्यानंच मोडलं माहं. म्हनून तं इथं आलती. इथं कोणाले माहीत नव्हतं."

"ताई, रागाव ना माझ्यावर."

"तुह्यावर काय रागावू? तू तं चांगलंच मागून राह्यली होती."

वर्षालीनं डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात तिच्या हातात गादीचं टोक आलं.

"हे धर. वळकटी एकटीनं होत नाई."

दोघींनी गादी गुंडाळली. वर्षालीनं गुडघा टेकवून ती दाबून धरली, सपनाताई दोरी आवळू लागली. आवळता आवळता तिचे हात थरथरायला लागले. पण तो झटका नव्हता. सपनाताई रडत होती. वळकटी सुटू नये म्हणून वर्षाली तशीच गुडघ्यावर बसून राहिली.