स्वयंपाकघराखालची बाई

स्वयंपाकघर वाढवायला खणताना साल्वू गवंड्याची पहार एकाएकी निम्मी जमिनीत गेली आणि भोकातून थंड हवा वर आली. त्याने आधी खाली पाहिलं, मग दाराकडे.

"दार लावून घे, नार्दू," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी काही पाहिलं नाही, तूही नाही. संध्याकाळपर्यंत सिमेंटने बुजवतो."

बेटावरच्या त्या रबात गावात सगळे असंच करत. जमिनीत जुनी कबर निघाली की बांधकाम अडलंच.

नार्दूने दार लावलं, आणि घरातल्या बोळात जाऊन पुरातत्त्व खात्याला फोन केला. रिसीव्हर ठेवताक्षणी त्याला वाटलं, उगाच केला. शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात जन्म गेलेल्या या माणसाला कुठल्याही फोननंतर असंच वाटे.

त्याची बायको जिझा त्यानंतर त्याच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. लग्नापासून तिला मोठं स्वयंपाकघर हवं होतं.

खात्याची रोमिना आली, शिडीवरून भोकात उतरली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "बाई आहे! फिनिशियन काळातली, अडीच हजार वर्षांपूर्वीची."

"वा!" जिझा शेगडीपाशी कडाडली. "लोकांचे नवरे निदान जिवंत आणतात!"

रोमिना हात झटकत वर आली. "हे बघा, अस्थी आणि भांडी आम्ही नेतो, मग खड्डा बुजवून हवं तसं बांधा. नाहीतर ती इथेच राहू दे, पण भिंत बरीच अलीकडे घ्यावी लागेल."

"न्या," जिझा म्हणाली.

कबर इथेच राहावी म्हणून नार्दूने सकाळपासून दोन वाक्यं जुळवली होती. ती त्याने तशीच गिळली आणि तो बुटाची नाडी पुन्हा बांधायला वाकला.

"नेण्याआधी बघू तरी दे, कोण एवढी लागून गेली," म्हणत जिझा एप्रनसकट शिडी उतरली.

"अगं बाई, दात बघा हिचे! सगळे शाबूत!" खालून आवाज आला. "आणि हाताशी हे काय?"

"रांधायचं भांडं," रोमिनाने वाकून सांगितलं.

"बुडाला अजून काजळी आहे. मेल्यावरही सुटका नाही म्हणजे!" जिझा मोठ्याने हसली. मग भांडं अलगद परत ठेवल्याचा आवाज आला.

"हिला ठेवाल कुठे?"

"वखारीत. पेटीवर क्रमांक घालून."

जिझा वर आली. गुडघ्यांची माती तिने सावकाश झाडली. साल्वू शीळ घालत सिमेंट कालवत होता.

"साल्वू, भिंत अलीकडे घेतली तर ओटा केवढा होईल?"

साल्वूची शीळ थांबली. "निम्मा."

"पुरे. खाणारी तोंडं दोनच."

"आणि फ्रीज? तो कुठे मावणार?"

"नार्दूच्या पुस्तकांच्या खोलीत."

सगळ्यांनी नार्दूकडे पाहिलं. पण तो जागेवर नव्हता. पुस्तकांच्या खोलीतून जड कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज येत होता, आणि त्यातच कुणीतरी बेसूर गुणगुणत होतं.