राखून ठेवलेला गळा

घरात मोठं दुखणं शिरलं की आपण सगळे एकदम शहाणे होतो. ज्याचं दुखणं, त्यालाच तेवढं सांगत नाही! टेमघरच्या भावेशनेही तेच केलं.

त्याची आई हौसाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हटल्याशिवाय हळद लागत नसे. दिवाळीनंतर तिची जीभ जड झाली, गाताना शब्द अडखळू लागले. एका मांडवात कुणीतरी कुजबुजलं, "बाई पिऊन आली वाटतं!" ती रडतच घरी आली.

माघात मोठ्या डॉक्टरांनी भावेशला बाजूला घेतलं. "मोटर न्यूरॉनचा आजार असू शकतो. बोलणं, गिळणं हळूहळू जातं, बरं करणारं औषध नाही. पण आज पक्कं सांगता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

'असू शकतो' एवढंच भावेशने धरून ठेवलं. घरी येऊन म्हणाला, "आई, गाऊन गाऊन तुजा गला बसलाय. आता बोलूच नको. वैशाखात रंजिताचं लगीन हाय ना? तवर गला राखून ठेव."

लेकीच्या लग्नात धवला म्हणायचा, या एका आशेवर हौसाबाई गप्प झाली. ज्येष्ठमध चघळायची, चहा हवा तर बोटाने खुणवायची. रंजिता जवळ बसली की नुसती तिचे केस विंचरायची. घर शांत झालं आणि भावेशला त्यातच बरं वाटू लागलं.

होळीनंतर जानकीबाई आली, हौसाबाईच्या मागून ओळ धरणारी तिची जुनी जोडीदारीण. भावेशने तिला ओट्यावरच गाठून खरं ते सांगितलं आणि बजावलं, "आईला काय बोलू नको, मावशे."

"म्हंजी गप बसून तिचा गला ऱ्हानार न्हाय?"

"बहुतेक न्हाय."

"मंग गप कशाला ठेवलीस तिला?" जानकीबाई कडाडली. "जानारा आवाज हाय, तो तिला वापरू तरी दे! लेकीशी चार शब्द बोलली असती!"

"पन पक्कं न्हाय ना अजून. तिनं हाय खाल्ली तर?"

"हाय तू खाल्लीस, भावेश! आनि नाव तिचं सांगतोस."

दारात हौसाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं, पण भावेशला काही कळेना. पुन्हा पुन्हा विचारल्यावर शब्द लागले, "मला... इचारायचं तरी."

भावेश तिच्या पायाशी कोसळला. "चुकलो, आई! माफ कर!"

त्या दिवसापासून हौसाबाई दिवसभर बोलत राहिली. रंजिताला जवळ घेऊन बोलली, भावेशला शिव्याही दिल्या. तिच्या आईकडून आलेला एक धवला फक्त तिलाच पाठ होता, तो जानकीबाईला द्यायला बसली. निम्मा देता आला. बाकीच्या ओळी आता कुणालाच उमगत नव्हत्या.

रंजिताच्या हळदीला जानकीबाईने तो धवला धरला आणि मध्येच थांबली. खुर्चीतल्या हौसाबाईचे ओठ हलले, आवाज आला नाही. भावेशने तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

डॉक्टरांची तीन महिन्यांची तारीख अजून यायची आहे, त्यांनी पक्कं सांगितलेलं नाही. वाचकहो, पक्कं होण्याची वाट डॉक्टरांना पाहू द्या. तुमच्या माणसाला त्याचं दुखणं आजच सांगा, जेवढं कळलंय तेवढंच सांगा, आणि त्याला काय बोलायचंय ते ऐकून घ्या. भावेशच्या घरी तो धवला आता अर्धाच आहे.