उलटे धरलेले शास्त्र

मित्रांनो, मी एक जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे. तुम्हाला एक गंमत सांगते. पुस्तकाला स्वतःला वाचता येत नाही. कोणी मोठ्याने वाचेल तेवढेच आम्हाला कळते.

बाइंडरने मला काळे कातडे चढवले आणि पानांच्या कडांना सोनेरी मुलामा दिला. एका घड्याळजीने आपल्या लग्नाच्या वेळी मला घरी नेले. दुकान उघडण्यापूर्वी तो रोज मला हातात घेई. एकाच जागी उघडून उघडून माझी पाठ तिथेच वाकली होती, त्यामुळे दर वेळी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हेच स्तोत्र निघे. ते मोठ्याने वाचून झाले की तो मला मखमलीत गुंडाळून ठेवी. "केवढं जपलंय!" पाहुणे म्हणत. मी सुखावत असे, पण एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नसे. बाकीच्या पानांवर काय असेल? त्यांच्या सोनेरी कडा अजून एकमेकींना चिकटलेल्याच होत्या. अशी तीस वर्षे गेली.

एका सकाळी त्याची सून चहा घेऊन आली आणि थबकली. ती घरीच शिवणकाम करायची.

"बाबा, शास्त्र उलटं धरलंय तुम्ही."

घड्याळजी ओशाळला. "दिसत नाही गं आता. हे एक पाठ आहे, म्हणून चाललंय."

"आणि बाकीचं?"

"राहूनच गेलं." त्याने माझ्या चिकटलेल्या कडांवरून बोट फिरवले. "वाटायचं, पळून थोडंच जातंय! डोळेच पळाले."

मला त्याची फार दया आली, आणि खरे सांगायचे तर स्वतःचीही. सुनेने सुई आणली, चिकटलेली पाने हलकेच सोडवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

मित्रांनो, काय काय निघाले माझ्या पोटातून! एकदा भावांनी आपल्याच भावाला विकले, आणि नेमकी तिथेच ती थांबली.

"थांबलीस का? पुढे?" घड्याळजी ओरडलाच.

"गिऱ्हाईक आलंय, बाबा."

"मग त्यालाही बसव! डोळे गेलेत, कान शाबूत आहेत माझे."

माझाही जीव टांगणीला लागला होता. गिऱ्हाईक बिचारे मापाचा कपडा मांडीवर घेऊन बसले.

दोन वर्षांनी शेवटचे पान आले. आता पुन्हा मखमल, असे मला वाटले.

"नुसतं ऐकलं, सूनबाई," घड्याळजी म्हणाला. "समजलं कुठे सगळं? त्याला विकणाऱ्या त्या भावांना त्यानं माफ तरी कसं केलं? आता सावकाश घेऊ. उघड परत."

आता माझा मुलामा उडाला आहे. पानांवर चहाचे डाग आहेत आणि सुनेच्या पेन्सिलीच्या खुणा. मित्रांनो, मला जपायचे असेल तर असे जपा. घरात कोणाला दिसत नसेल, तर त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. उद्यावर मात्र टाकू नका.