राखेची पुरचुंडी

ज्योत्स्नानं बीकर सातव्यांदा विसळला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डागाचं नाव नव्हतं. जळगावच्या त्या प्रयोगशाळेत तिच्याइतकी लख्ख भांडी कुणाचीच नसत. पण नशीब बघा, त्यात वाढायच्या त्या नुसत्या काड्याच. झिंक ऑक्साइडच्या स्फटिकांच्या, केसाहून कितीतरी बारीक. मार्चमध्ये एकदाच त्यांची हवी तशी फुलं झाली होती, पाकळी न् पाकळी सारखी. नंतरच्या एकोणीस खेपा वाया गेल्या. पुन्हा जमलं तरच प्रबंधात घालायचं, असं सरांनी बजावलं होतं.

मार्चमध्ये तिनं वडिलांना फोन केला होता.

“आबा, फुलं आली. पण कशानं, ते काही केल्या कळत नाही.”

“बरं झालं, माय,” एवढंच जीवराम म्हणाले.

जूनमध्ये ते गेले. मुक्ताईनगरजवळच्या घरी तेरावं आटोपलं, तशी कुंदाबाई लेकीच्या पिशवीत राखेची पुरचुंडी ठेवू लागली. वाळलेल्या केळीच्या खोडाची राख. खोलीवरची भांडी घासायला ती दर खेपेला द्यायची.

“मागचीच संपली नाही अजून, आई.”

“मांगं एक तं आबानंच नेली अन् तुह्या काचेच्या भांड्याले लावली. पोरगी राबते अन् आपण नुसतं बसाव काय, म्हने. फुलं मह्या राखेनंच आली असतीन, पण तिले सांगू नको, चिडीन.”

ज्योत्स्नाचा हात पिशवीतच राहिला. मार्चमधल्या त्या खेपेच्या दिवशी आबा प्रयोगशाळेत आले होते; नळाशी बीकर धरून उभे होते आणि ती चारचौघांत कडाडली होती, “आबा, इथलं काही शिवू नका!” त्यांनी भांडं तसंच पालथं घातलं, धोतराला हात पुसले आणि तीनच्या एसटीनं निघून गेले. जेवलेही नव्हते. तिरमिरीत तिनं तेच भांडं पुन्हा न विसळता वापरलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जळगावला परतल्यावर तिनं राखेनं बीकर घासला, सवयीनं स्वच्छ विसळला. काड्या. दुसऱ्या खेपेला घासून एकदाच पाणी फिरवलं. तेवढीच सवड तिनं त्या दिवशी आबांना दिली होती.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर फुलंच फुलं होती. बोट आपसूक फोनमधल्या ‘आबा’वर पडलं.

“बोल, ज्योते. मी हाये,” कुंदाबाई म्हणाली.

“आई, फुलं आली.”

“मंग रडते कायले?”

“मी त्यांना धड विसळूसुद्धा दिलं नव्हतं गं.”