चित्रांमागची ओल

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. अंगाने स्टीलचा, कमरेत जरा चेपलेला. पण झाकण अजून इतकं घट्ट, की उघडताना भल्याभल्यांना घाम फुटतो. माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात, तर आधीच सांगून ठेवतो, ती गोड नाही.

दुकानाच्या काचेतून मला आईने उचललं. ती काही माझी आई नव्हे, पण घरात सगळे तिला आई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ती शिवणाच्या कारखान्यात शर्टांना काजं-बटणं करायची. दुपारच्या सुट्टीत तिने माझं झाकण उघडलं की शेजारच्या बाया म्हणायच्या, "अगं, चहा सकाळी केलास की आत्ता?" तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. स्टीलला मांस कुठलं, पण कौतुक कुणाला नको असतं?

मुलं मोठी झाली. थोरला रंगकामाचा ठेकेदार झाला आणि धाकटी दूरच्या गावी शाळेत शिकवू लागली. आईचं काम सुटलं, तसा मीही स्वयंपाकघराच्या फळीवर जाऊन बसलो. समोरच्या भिंतीला ओल धरली होती. आधी तळहाताएवढा डाग होता, मग परातीएवढा झाला.

"भिंत ओली झालीय रे," आई फोनवर थोरल्याला सांगायची. "एकदा येऊन बघ."

"बघतो गं. सध्या एका हॉटेलचं काम चाललंय, मान वर करायला फुरसत नाही."

लोकांच्या भिंती चकचकीत करणाऱ्याच्या आईची भिंत कुजत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी आईने जुन्या कॅलेंडरांची चित्रं कापली आणि खळ लावून डागांवर चिकटवली. समुद्र, निळं तळं, बर्फाचा डोंगर. डाग पसरला की नवं चित्र. कुणी आलं तर लाज वाटायला नको, एवढाच तिचा हेतू. पण येत कोण होतं? डाग झाकला, तरी ओल काही हटली नाही. आई खोकू लागली आणि त्या खोकल्यातच एका हिवाळ्यात गेली.

मग मात्र दोघंही आली. धाकटी त्या भिंतीपुढे उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

"दादा, हे बघ ना. किती ठिकाणं बघायची होती तिला. आपण कधी नेलंच नाही."

थोरल्याने डोळे पुसले. "आता नेऊ," तो म्हणाला.

मी फळीवर नुसता तडफडलो. अरे, तिला गाडी लागायची! बाजारापर्यंत बसने जायचं तरी लिंबू हुंगत बसायची ती. पण थर्मासचं कोण ऐकतं? झाकण घट्ट आहे, शिवाय आईच्या हातातली वस्तू आहे, म्हणून तिची राख माझ्यातच भरली. ज्या पोटात मी तिचा चहा ऊन ठेवला, त्या पोटात ती आली तेव्हा गार होती.

समुद्रकाठच्या कड्यावर थोरल्याने पहिली मूठ उधळली. वारा उलटा होता. थोडी राख त्याच्या कोटावर आली आणि त्याने ती सवयीने झटकून टाकली. तळ्यावर धाकटी म्हणाली, "आई, बघ किती सुंदर आहे." मग दोघांनी मला मधे धरून फोटो काढला. ठेकेदाराने सगळा प्रवास फोन बंद ठेवला होता. कामं खोळंबली, तरी त्याचं काही बिघडलं नाही. या माणसाकडे एवढा वेळ होता, हे मला तेव्हा कळलं आणि माझं पित्त खवळलं.

बर्फाच्या डोंगरावर मला उलटं करून झटकलं. "झालं," धाकटी म्हणाली. झालं नव्हतं. थोडी राख माझ्या तळाला चिकटून राहिली होती.

घरी परतल्यावर धाकटीला आठवण म्हणून ती चित्रं हवी झाली. तिने समुद्राचा कोपरा नखाने उचलला. कागदाबरोबर गिलाव्याचा पोपडाच हातात आला. मागे भिंत काळी पडली होती. तिने तळं काढलं, डोंगर काढला. सगळीकडे तेच.

"हे झाकायला लावली होती तिने," ती हळूच म्हणाली.

थोरला पुढे आला. भिंतीवर हात फिरवून त्याने बोटाने ठोकून पाहिलं, वर गळणारा नळ पाहिला.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने ती भिंत खरवडली, नळ बदलला, गिलावा केला. चित्रं लावायची गरजच उरली नाही, इतकी भिंत गुळगुळीत झाली. मग घराला कुलूप लावून दोघं आपापल्या गावी गेली. मी फळीवर राहिलो.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगणाऱ्या आमच्या जातीच्या सगळ्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मला घासूपुसू नका, माझं काही अडलेलं नाही. पण घरातलं कुणी "एकदा येऊन बघ" म्हणालं, तर उठून जा आणि बघा.

माझ्या तळाशी आई अजून थोडी आहे. आम्ही दोघं त्या कोरड्या भिंतीकडे बघत बसतो.